पांढराफटक फ्लॉवर

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या खरेदी खात्यात माझी हयात गेली. तिथे विशेषणांना बंदी नव्हती, पण गरजही पडत नसे. "सदर माल नमुन्याबरहुकूम असून स्वीकारण्यास हरकत नाही" या एका वाक्यावर मी फ्लॅटचे हप्ते फेडले, मुलीचं लग्न केलं आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. माल गुळगुळीत होता की खरबरीत, त्याला ग्रीसचा वास येत होता की गंजाचा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. चांगल्या मालाला हरकत नसायची, वाईट मालाला असायची. मराठी भाषा इतक्या काटकसरीनं वापरणारा दुसरा माणूस सबंध सोलापूर रस्त्यावर सापडला नसता.

अशा माणसानं सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लेख लिहावा, ही कल्पना अर्थात बायकोची. निवृत्त नवरा दिवसभर स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतो, त्यापेक्षा बसू दे कागद काळे करत, असा तिचा हिशेब. मी 'आमचे हडपसर' लिहिलं. हडपसर पुण्याच्या पूर्वेस असून तेथून सोलापूर व सासवड असे दोन रस्ते फुटतात, वगैरे. सेक्रेटरी तरुण आहे, आयटीत आहे, मला काका म्हणतो. कागद परत देताना त्याच्या चेहऱ्यावर कमालीची माया होती. "काका, माहिती सगळी बरोबर आहे हो. पण वाचताना पंचनामा वाटतोय. पुढच्या वर्षी जरा वर्णन टाका ना."

वर्णन टाका म्हणाला, पण ते आणायचं कुठून हे सांगितलं नाही. खरेदी खात्यातल्या माणसाला आधी पुरवठादार कोण हे कळावं लागतं.

पुरवठादार पुण्यात सापडला. (आम्हाला महापालिकेत येऊन जमाना झाला, तरी लक्ष्मी रस्त्याला जायचं असलं की हडपसरचा माणूस 'पुण्यात जाऊन येतो' असंच म्हणतो.) एका पेठेतल्या सभागृहात रविवारी लेखन कार्यशाळा भरत असे. सर मोठे उत्साही. त्यांनी फळ्यावर पाच रकाने आखले: दृश्य, नाद, गंध, रस, स्पर्श. लेखकानं पाचही दारं सताड उघडी ठेवून जगलं पाहिजे, म्हणाले. नाम आलं की त्याला विशेषण हवं, क्रियापद आलं की क्रियाविशेषण हवं, नाहीतर वाक्य लोकांसमोर उघडंबोडकं उभं राहतं. मग त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर चिंचेचं बुटुक ठेवलं, डोळे मिटून चोखायला लावलं आणि जाणवेल ते लिहा म्हणाले. माझ्या शेजारच्या बाई त्या बुटकाबरोबर थेट आजोळच्या परसात पोचल्या. वाचून दाखवताना त्यांना हुंदका आवरेना. माझ्या वहीत एकच ओळ होती: "चिंच आंबट असून स्वीकारण्यास हरकत नाही."

सर खचले नाहीत. "तुमची इंद्रियं झोपलीयत. त्यांना बाजारात न्या," म्हणाले. "हात लावा, हुंगा, ऐका, चाखा आणि रकाने भरा."

मी पडलो शिस्तीचा माणूस. वही आखली. शब्दकोश उघडून रंगांची, चवींची, वासांची विशेषणं वेगवेगळ्या पानांवर उतरवून घेतली. पुरेसा साठा झाल्याची खात्री पटल्यावर सकाळी सकाळी हडपसरच्या मंडईत हजर झालो.

वही-पेन घेऊन मंडईत उभा राहणारा माणूस एकाच खात्याचा असू शकतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ओळीच्या तोंडाशी थांबून 'दृश्य' या रकान्यात काही खरडायला लागलो, तशा वाटेवर आलेल्या पाट्या एकामागोमाग एक आत सरकल्या. कुणीतरी "गाडी आली का रं?" म्हणून हाळी दिली. लिंबंवाल्यानं ताडपत्री गुंडाळली. एकानं अदबीनं माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला आणि 'रस' या रकान्यात 'गोडमिट्ट' असं लिहिलं. पहिली नोंद फुकटात झाली याचा आनंद झाला, तो खोटा कशाला सांगू.

"साहेब, पावती फाडायचीय का?" फ्लॉवरचे गड्डे मांडून बसलेल्या मावशींनी विचारलं.

"नाही हो मावशी, मी वर्णन लिहितोय."

"कशाचं?"

"भाजीचं."

मावशींनी शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. "बरं नाय का त्यास्नी?" असं त्या माझ्यादेखतच एकमेकींना विचारत्या झाल्या. गैरसमज दूर व्हावा म्हणून मी वहीतलं ताजं वाक्य मोठ्यांदा वाचलं: "मावशींच्या पुढ्यात पांढरेफटक फ्लॉवर ऐटीत बसले होते."

"फटक?" मावशी उसळल्या. "माझा फ्लॉवर काय आजारी हाय? माणूस भ्याला, ताप उतरला, की पांढराफटक पडतो. ह्यो पांढराशुभ्र म्हनायचा. हात लावून बघा, गड्डा कसा गच्च हाय. आन् ऐटीत काय बसतोय? पोत्यावर ठिवलाय म्या."

मी निमूटपणे 'फटक' खोडून 'शुभ्र' केलं आणि 'ऐटीत' वर काट मारली. मग त्यांच्या टोमॅटोला 'लालबुंद' म्हटलं. त्यावर शेजारीण तोंडाला पदर लावून हसत सुटली. "टमाटू काय भांडून आलाय व्हय?"

खरं आहे हो. शब्दकोशात हे सगळे एका ओळीत शहाण्यासारखे बसलेले असतात, पण प्रत्येकाची नोकरी वेगळी. रागावलेला चेहरा लालबुंद. डाळिंबाचा दाणा आणि पोपटाची चोच लालचुटूक. कांडलेली मिरची लालभडक. एकाच्या जागी दुसऱ्याला बसवलं की लगेच बोंब होते, आणि ती बोंब व्याकरणाची नसते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' दिलं. 'पांढरा'चं 'पांढरी' होतं आणि 'शुभ्र' मात्र जागचं हलत नाही, एवढं व्याकरणातून कळतं. फ्लॉवरला कुठलं शेपूट लावायचं हे कळायला मंडईतच बसावं लागतं, तेही पोत्यावर.

मी उभा होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बाईंनी गवारीची एक शेंग उचलली, नखानं दाबली आणि नुसतं "निबर आहे" म्हणाल्या. पावशेरामागं पाच रुपये उतरले. मावशींनी ढिगातली दुसरी शेंग उचलून त्यांच्या कानाशी नेली आणि काटकन मोडली. "ही बगा, हिला निबर म्हनता?" तीन रुपये परत चढले. बाई म्हणाल्या, "पाणी मारलंय." दोन उतरले. मी आ वासून बघत राहिलो. आयुष्यभर मी पुरवठादारांशी भाव केले, त्यासाठी तीन-तीन कोटेशनं मागवली, चहापाण्यासकट बैठका घेतल्या. एका विशेषणानं भाव खाली येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे एकही शब्द शोभेचा नव्हता. कोवळी आणि जून यांच्यात पैशाचा फरक होता. चिंच गाभुळलेली म्हटली की खाणारा कोण हे ठरतं, आंबा पाडाचा म्हटला की अढीत किती दिवस ठेवायचा ते कळतं, गूळ रवाळ म्हटला की दर चढतो आणि पापड सादळला म्हटलं की दुकानदार बरणी बदलून देतो.

इथून काही किलोमीटरवर मांजरीत १९७५ सालापासूनची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथंच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. उसाच्या नाहीतर द्राक्षाच्या रसाचा एक थेंब काचेवर ठेवायचा, छोट्या दुर्बिणीतून बघायचं आणि गोडी ब्रिक्सच्या आकड्यात वाचायची, असं तिकडचं शास्त्र. मंडईतलं उपकरण म्हणजे अंगठ्याचं नख. मी दोन्हींपैकी काहीच आणलं नव्हतं. माझ्याकडं रकाने होते.

राहिला होता गंध. मी कोथिंबिरीची जुडी हुंगायला म्हणून खाली वाकलो आणि माझ्या कोपरानं टोमॅटोची पाटी कलंडवली. गोंधळात असतानाही मला कार्यशाळेची आठवण झाली, ही माझी साहित्यनिष्ठा. मी पुटपुटलो, "टोमॅटो बदाबद पडले."

"अनुकरणदर्शक," मागून कुणीतरी म्हणालं. वळून बघितलं तर खांद्याला सॅक लावलेला एक पोरगा, अभ्यासिकेतून आलेला असावा. या परिसरात स्पर्धा परीक्षेची पोरं पुष्कळ, आणि मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण त्यांना तोंडपाठ. "काका, रीतिवाचक क्रियाविशेषणाचा प्रकार आहे तो. झटकन, पटपट, बदाबद. हमखास विचारतात."

"काय बी नगा शिकवू," मावशी खाली बसून टोमॅटो गोळा करत म्हणाल्या. "बदाबद नारळ पडत्यात. टमाटू पचापचा पडतोय. बगा की, पचला का न्हाई?"

दोन किलो पचलेले टोमॅटो मी ठरलेल्या भावानं विकत घेतले. त्या बाबतीत एकही विशेषण माझ्या बाजूनं नव्हतं. तो पोरगा मात्र वही काढून काहीतरी टिपून घेत होता.

घरी बायकोनं टोमॅटोंकडं बघितलं, काही न बोलता सार केलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी वाटी नाकाशी नेऊन म्हणालो, "उग्र."

"उग्र म्हणजे काय? हिंग जास्त झालाय, की फोडणी जळलीय, की टोमॅटो नासके होते?"

"एकूणच उग्र."

"एकूणच तुम्ही गप्प बसा." पण जाता जाता तिनं वाटी हुंगली. "जिरं करपलंय. करपट म्हणा." तिच्या शब्दात पुढच्या वेळी गॅस बारीक करायची सोय होती. माझ्या शब्दात नुसताच रुबाब होता.

वासाच्या बाबतीत हडपसर माणसाला बेकार ठेवत नाही. गाडीतळावर सकाळी डिझेलचा धूर आणि वड्याचं तापलेलं तेल एकमेकांत मिसळून येतात. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी बंद असलं की तळाच्या गाळाला कुबट वास सुटतो, पाणी सोडलं की दोन दिवस मातकट येतो, मग काहीच येत नाही. रसवंतीपुढून जाताना घुंगरं आधी ऐकू येतात, आलं-लिंबाचा वास मागून. मगरपट्ट्यात पूर्वी ऊस आणि भाजीपाला होता. मग तिथल्या शेतकऱ्यांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवलं, जमीन विकून मोकळे न होता त्यात भागीदार झाले. आता तिथे कापलेल्या लॉनचा आणि कॉफीचा वास येतो. त्यालाही माझी हरकत नाही. आणि आम्ही सासवड रस्त्याचे लोक. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर गेला, तो डेपो याच रस्त्याला. तिथल्या गावकऱ्यांनी त्यासाठी आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. वारा फिरला की आमच्याकडंही कळतं. त्याला सुरुवातीला मी 'दुर्गंध' लिहिलं होतं. संस्कृत शब्द लिहिला की नाक झाकल्यासारखं होतं. मग बाल्कनीत उभा राहून नीट हुंगलं. आधी आंबूस, मग धुरकट, आणि शेवटी डोक्यात जाणारा एक भपकारा. बायकोनं आतून विचारलं, "दार उघडं ठेवून काय करताय?" मी म्हणालो, "लिहितोय." तिनं दार लावून घेतलं. मी बाहेर राहिलो.

आषाढ जवळ आला तसे मला पालखीचे वेध लागले. ज्ञानेश्वर माउलींची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या पुण्याच्या मुक्कामानंतर निघतात त्या हडपसरला येतात, आणि इथं त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवेघाट चढून सासवडला, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला. पुण्यात याचं कुणाला काही वाटत नसेल, पण आम्हाला त्याचा अभिमान आहे. संतांना जिथं एकमेकांचा निरोप घ्यावा लागतो तिथं आमची सोसायटी आहे.

तयारी म्हणून दि. बा. मोकाश्यांचं 'पालखी' आणलं. मोकाशी १९६१ साली माउलींच्या पालखीबरोबर पायी गेले आणि १९६४ साली पुस्तक आलं. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेखही काढून ठेवला, त्याही वारीत चालल्या होत्या. दोघांनीही याच हडपसरात घाम पुसला असणार. एवढी मोठी माणसं कुठली विशेषणं वापरतात ते उतरवून घेऊ, म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. पण त्यात माणसं भेटत राहतात, बोलतात, जेवतात, थकतात. मी वाचतच गेलो आणि पेन्सिल तशीच राहिली. सकाळी वही उघडली तर कोरी. मग पालखी यायच्या आधीच मी माझ्या साठ्यातली चार विशेषणं दृश्याच्या रकान्यात भरून टाकली: भक्तिमय, नयनरम्य, अलौकिक, मंत्रमुग्ध. ऐनवेळी घाई नको.

आमच्या सोसायटीचं चहा-बिस्किटांचं टेबल गाडीतळाजवळ होतं. पहाटेपासून झिमझिम होती. माणसांचा लोंढा थांबत नव्हता, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेतलेली माणसं, त्यात एक आजी तुळशीवृंदावन डोक्यावर तोलत आली. मी चहाचा कप पुढं केला आणि वही उघडली.

"आजी, कसं वाटतंय?"

"पाय भरून आल्यात."

मी थांबलो. "अजून काय वाटतंय? मनाला?"

आजीनं चहाचा घोट घेतला, विचार केला. "च्या कडक हाय. साखर हाताला धरून घाटलीया." मग वृंदावन सांभाळत माझ्याकडं निरखून बघितलं. "बाबा, तुज्यामागं पानी तापवायला ठिवलंय, त्ये ऊतू चाललंय."

खरोखर ऊतू चाललं होतं. मी वळून गॅस बंद करेस्तोवर आजी पुढं गेली होती. वहीत मी लिहिलं: 'भक्तिरसात न्हाऊन निघालेली वृद्धा.' पाऊस पडत होता म्हणून 'न्हाऊन' तेवढं खरं.

स्पर्शाचा रकाना रिकामा होता. सर म्हणाले होते, तळव्यांनी जमीन वाचा. वारकरी अनवाणी चालत होते, तेव्हा मीही चपला टेबलाखाली सरकवल्या आणि एका दिंडीच्या मागं लागलो. सासवड रस्त्यानं घरापर्यंत जायचं, वाटेत नाद आणि स्पर्श दोन्ही भरायचे, असा बेत. ओला डांबरी रस्ता, त्यावर केळ्याची सालं, द्रोण, बारीक खडी. 'खडबडीत' लिहायला वही उघडली तर पावसानं शाई फुटली. तेव्हा मग मी डोळे मिटले. डोळे मिटले की कान उघडतात, असंही सर म्हणाले होते. टाळांचा आवाज वेगवेगळा येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पुढचे टाळ खणखणत होते, माझ्या शेजारच्याचे जुने असावेत, ते थापल्यासारखे वाजत होते. पखवाज पोटात लागत होता. मागून कुणाचं तरी खोकणं, एक बाळ, ओल्या घोंगडीचा वास, 'ज्ञानोबा-तुकाराम'. मला पहिल्यांदाच लिहावंसं वाटलं आणि हातात शाई फुटलेली वही होती.

"माउली! डोळं उघडा, खांब हाय!"

वारकरी सगळ्यांनाच माउली म्हणतात. त्यामुळे हे मला उद्देशून आहे हे कळायला क्षणभर उशीर झाला. कपाळाला हात लावून मी खांबाशीच बसलो. टाळवाल्यानं पाणी दिलं. "कंच्या दिंडीतलं तुमी?"

"मी इथलाच. हडपसरचा. सासवड रस्त्याला राहतो."

"मग हिकडं कुठं? आमी तुकोबांचं. लोणीला चाललोय."

बघितलं तर सोलापूर रस्त्यावरचा पंधरा नंबरचा चौक. दोन संतांच्या वाटा ज्या ठिकाणी फुटतात, त्या ठिकाणी मी डोळे मिटून घेतले होते आणि गर्दीनं मला तिच्या वाटेनं नेलं होतं. रिक्षा बंद, बस बंद. येणाऱ्या लोंढ्यातून उलट दिशेला अनवाणी चालत जाणारा मी एकटाच. जो तो मला "माउली, हिकडं, हिकडं" करत वळवत होता. गाडीतळाला पोचलो तेव्हा टेबल आवरलं होतं आणि चपला पंढरपूरला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजवा पाय टेकवेना. सासवड रस्त्यावरच्या दवाखान्यात बायको बरोबर होतीच. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"असह्य वेदना."

"कशी?"

मी साठ्यात हात घातला. "विलक्षण. जीवघेणी."

"ते झालं हो. ठणका आहे की कळ येते? टोचतं, की चुरचुरतं, की आग होते?"

पाच रकाने भरायला निघालेल्या माणसाला आपल्याच टाचेत काय चाललंय ते सांगता येईना. मी टाचेकडं, डॉक्टरांकडं आणि शेवटी बायकोकडं बघितलं.

"पहिल्या दिवशी नुसतं टोचत होतं," ती खुर्चीतूनच म्हणाली. "टेकवलं की. रात्री ठणकायला लागलं, झोपले नाहीत. सकाळपासून ठसठसतंय. हात लावला तर गरम लागतं."

"म्हणजे आत काहीतरी राहिलंय आणि पू धरतोय," डॉक्टर म्हणाले आणि चिमटा उकळायला लावला. तांदळाएवढी काच निघाली. टोचतंय, ठणकतंय, ठसठसतंय या तीन क्रियापदांत बायकोनं तपासणी केली होती. डॉक्टरांनी फक्त काच काढली आणि बिल केलं. रिक्षात मी तिला विचारलं, "हे तुला कसं सुचलं?" ती म्हणाली, "सुचायचं काय त्यात? रात्रभर तुम्हीच विव्हळत होतात."

त्या आठवड्यात पाय उशीवर ठेवून मी लेख लिहिला. साठ्यातला एकही शब्द घेतला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, शाई फुटून ती पानं चिकटली होती. आठवलं ते लिहिलं: मावशींचा गच्च गड्डा, काटकन मोडलेली शेंग, थापल्यासारखे वाजणारे टाळ, आजीचा कडक चहा, कालव्याचा कुबट वास आणि वारा फिरल्यावरचा भपकारा. पंधरा नंबरचा खांबही घातला.

सेक्रेटरी वाचून उठून उभा राहिला. "काका! वास आला हो, अक्षरशः वास आला!" मी कृतार्थ होऊन लाजलो. "फक्त," तो खुर्ची ओढून जवळ बसला, "तो भपकारा तेवढा काढू या का? बी विंगमधले दोन फ्लॅट विकायला आहेत. स्मरणिका बाहेरही जाते."

"मग काय लिहू?"

"नुसतं 'वारा सुटतो' लिहा. छान वाटतं."

चेअरमननी 'कुबट' काढून 'कालव्याकाठची संध्याकाळ' केलं. त्यांचा फ्लॅट कालव्याच्या बाजूला आहे. मंडईतलं 'निबर' एका सभासदाला ग्राम्य वाटलं. पंधरा नंबरच्या खांबाला कमिटीतल्या कुणाची हरकत नव्हती, पण तो वाचून लोक हसतील आणि पालखीच्या लेखात हसणं बरं नाही, असं ठरलं. प्रत्येकजण मोठ्या आपुलकीनं एक-एक शब्द उचलत होता. गंमत म्हणजे हे सगळे मला मावशींच्या गिऱ्हाइकासारखेच दिसत होते. कुठल्या शब्दानं चौरस फुटामागं किती उतरतं, हे त्यांना नखाखाली कळत होतं. मी भांडलो नाही. भाव पाडणाऱ्या मालाबद्दल खरेदीदारानं काय भांडायचं!

स्मरणिका आली. माझा लेख अर्ध्या पानावर होता, आखडून आखडून बसवलेला. उरलेल्या अर्ध्या पानात आणि समोरच्या अख्ख्या पानात सासवड रस्त्यावरच्या एका नव्या गृहप्रकल्पाची रंगीत जाहिरात. निसर्गरम्य परिसर, हिरवागार गालिचा, झुळझुळ वाहणारी हवा, प्रशस्त, आलिशान, शांत, दिमाखदार दोन बीएचके. माझ्या साठ्यातली झाडून सगळी विशेषणं तिथं होती, काही तर मी पाठ केलेल्याच क्रमानं. भूखंड मला माहीत आहे. डेपोच्या बाजूनं वारा आला की पहिला त्यालाच लागतो.

गणपती उठल्यावर खजिनदार घरी आले. माझ्या टाचेची चौकशी केली, चहा घेतला, मग हळूच मुद्द्यावर आले. बिल्डरची मंडळी जाहिरातीवर खूश होती, पण पुढच्या टॉवरसाठी त्यांना मजकूर आणखी जिवंत हवा होता. "काका, तुमचा आता अभ्यास झालाय. लिहाल का? मानधन देतील."

मी विचारलं, "दर शब्दावर की चौरस फुटावर?"